वर्षभर थांबा, खर्च आमचा

बारावीनंतर एखादं वर्ष मध्ये गेलं, की आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी ‘गॅप’चं प्रतिज्ञापत्र करावं लागतं. जणू काही गुन्हाच घडलाय! अमेरिकेतलं प्रिन्स्टन विद्यापीठ मात्र २००९ पासून प्रवेश पक्का झालेल्या काही मुलांना सांगतं, वर्गात नंतर बसा, आधी नऊ महिने परदेशात जाऊन लोकांमध्ये काम करा. राहण्या-जेवणाचा खर्च विद्यापीठाचा. पहिल्या तुकडीत वीस जण होते. भारतात आलेली मुलं वाराणसीला राहिली, हिंदी शिकली, स्थानिक संस्थांमध्ये राबली.

२०१४ मध्ये टफ्ट्स विद्यापीठानेही अशीच योजना जाहीर केली. असं वर्ष तोवर ऐपतदार घरच्याच मुलांना परवडत असे. ते इतरांनाही मिळावं, हा त्यामागचा विचार. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाने तर साडेसात हजार डॉलर हातात देऊन वर्षाची आखणी मुलांवरच सोपवली.

हेतू चांगला आहे, पण फीच्या डोंगराला यामुळे ओरखडाही उठत नाही. हार्वर्डची २०२४-२५ ची शिकवणी फी ५६,५५० डॉलर होती. राहणं-खाणं धरून ८२,८६६, म्हणजे जवळपास सत्तर लाख रुपये. मदत मिळणाऱ्यांना याहून बरंच कमी भरावं लागतं, हे खरं. पण ज्यांना ती मिळत नाही, त्यांना वर्षभर थांबल्यावर वाढलेल्या दरानेच फी भरावी लागते. तीस अब्ज डॉलरहून मोठी गंगाजळी असलेल्या प्रिन्स्टनला मूठभर मुलांचा वर्षभराचा खर्च जड नाही, आणि त्यातून नावही होतं.

खरी मेख आर्थिक मदतीच्या नियमांत आहे. अमेरिकन सरकारच्या मदतीचा अर्ज दर वर्षी नव्याने भरावा लागतो. त्या हिशेबात विद्यार्थ्याच्या स्वतःच्या कमाईतली ठरावीक रक्कम वगळून उरलेल्या पैशाचा निम्मा भाग शिक्षणासाठी उपलब्ध आहे, असं धरलं जातं. म्हणजे सुट्टीच्या वर्षात दुकानात राबून चार पैसे साठवणाऱ्या मुलाची पुढची मदत कमी होऊ शकते. विद्यापीठाच्या पैशाने गेलेल्याला ही अडचण नाही. मात्र ज्या घराचं भाडं मुलाच्या पगारातून जातं, तिथे विमानाचं तिकीट फुकट मिळूनही भागत नाही. बुडालेला पगार या योजना भरून देत नाहीत.