चेटकिणीच्या डोक्यावरची टोपी

मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढणं हा माझा व्यवसाय. चेटकीण म्हटली की काळी टोकदार टोपी आलीच. पाच वर्षांचं पोरही तिच्यावरून चेटकीण ओळखतं. ती आली कुठून, याचा माग मी जुन्या चित्रांतूनच काढला.

युरोपात बायकांना चेटकीण ठरवून जाळत होते, त्या काळच्या गाजलेल्या चित्रांत ही टोपी नाही. जर्मन चित्रकार ड्यूररचं १५०० च्या सुमाराचं कोरीव चित्र बघा. म्हातारी बोकडावर उलटी बसलीय, अंगावर कपडा नाही, हातात सूत कातायची काठी, केस वाऱ्यावर. चेटकिणीचं सगळंच उलटं, म्हणून ड्यूररने आपल्या सहीतला ‘डी’सुद्धा उलटा कोरलाय. जर्मन चित्रकार बाल्डुंगच्या १५१० च्या चेटकिणीही मोकळ्या केसांच्या, आपल्या हडळीसारख्या.

उंच टोपी दिसते ती सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये, चारचौघींच्या डोक्यावर. त्या काळातल्या होलार या चित्रकाराच्या कोरीव चित्रांत ती आहे: रुंद काठाची, वर निमुळती होत गेलेली हॅट. पुरुषही ती घालत. १६४७ च्या पुस्तिकेच्या चित्रात चेटकिणी हुडकणारा मॅथ्यू हॉपकिन्स स्वतःच उंच हॅट घालून उभा आहे! पुढे फॅशन बदलली. मला वाटतं, जुनी हॅट उरली ती गावाकडच्या गरीब म्हाताऱ्यांकडे, आणि संशयही त्यांच्यावरच जायचा. अठराव्या शतकातल्या स्वस्त पुस्तिकांच्या चित्रांत तीच हॅट चेटकिणीची खूण झाली. १७३५ च्या कायद्याने इंग्लंडमधले चेटकाचे खटले बंद झाले. टोपी मात्र राहिली.

मध्ययुगात घरी बिअर गाळून विकणाऱ्या बायकांची ही टोपी, असंही सांगतात. मला ते पटत नाही. त्या बायका आणि ही चित्रं यांत काही शतकांचं अंतर आहे.

स्पेनची गोष्ट याहून वेदनादायक. तिथे इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, दोषी ठरवलेल्याला ‘कोरोसा’ नावाची कागदी शंकूची टोपी घालून लोकांसमोर उभं करायचं. स्पॅनिश चित्रकार गोयाने १७९८ मध्ये ‘चेटकिणींचं उड्डाण’ रंगवलं. त्यात तिघं जण एका माणसाला हवेत उचलून धरतात आणि तिघांच्याही डोक्यावर तशाच उंच टोप्या आहेत. छळाची खूण गोयाने छळ झालेल्यांच्याच डोक्यावर ठेवली.

१९३९ च्या ‘द विझार्ड ऑफ ऑझ’ चित्रपटात मार्गारेट हॅमिल्टनने काळी टोपी घातली आणि जगभर तोच चेटकिणीचा चेहरा झाला. प्रकाशक आजही तीच मागतात. मी काढते, पण काठ रुंद ठेवते आणि टोपीखाली होलारच्या चित्रातल्या साध्या बाईचा चेहरा.