खारा वारा आणि मोटारीचा रंग

मांडव्यापासून अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन ते थेट हरिहरेश्वरापर्यंतच्या किनारपट्टीवर जुनी मोटार विकत घेणारा जाणता माणूस इंजिनाच्या आधी गाडीच्या खाली वाकून पाहतो. दाराच्या खालच्या कडेवरून तो बोट फिरवतो, पायाखालची चटई उचलून पत्रा अंगठ्याने दाबतो. इंजिन खोलून दुरुस्त करता येते, पण कुजलेला पत्रा कापून टाकून नवा जोडावा लागतो, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते.

अलीकडे या भागातही ‘सिरॅमिक कोटिंग’, ‘पेंट प्रोटेक्शन फिल्म’ अशा पाट्या दिसू लागल्या आहेत. गाडीवर एकदा लेप चढवला की गंजाची, ओरखड्यांची चिंता मिटली, असे ग्राहकाला सांगितले जाते. पर्यटकांची ने-आण करून पोट भरणारा गाडीवाला असो किंवा हप्त्यावर पहिली गाडी घेणारे एखादे शिक्षक दांपत्य असो, त्यांच्या दृष्टीने हा खर्च लहान नसतो. तेव्हा कोणता लेप कशापासून वाचवतो आणि कशापासून वाचवत नाही, हे समजून घेणे उपयोगाचे आहे. शिवाय नववी ते बारावीच्या रसायनशास्त्रातील अनेक संकल्पना यानिमित्ताने शिकवता येतात.

समुद्राचे मीठ गाडीवर येते कसे?

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. लाट फुटते तेव्हा पाण्यात असंख्य बुडबुडे तयार होतात. ते पृष्ठभागावर येऊन फुटताना अतिसूक्ष्म तुषार हवेत उडवतात. त्यांतील पाण्याची वाफ होते, क्षारांचे कण उरतात आणि वाऱ्याबरोबर आत जमिनीकडे येतात. म्हणूनच किनाऱ्यावर न नेलेल्या, घरासमोर उभ्या असलेल्या गाडीच्या काचेवरही खारट थर बसतो. भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो बोटसेवा २०२० साली सुरू झाली. तेव्हापासून कित्येक गाड्या तर समुद्रावरूनच प्रवास करू लागल्या.

हे मीठ कोरडे राहिले असते तर फारसे बिघडले नसते. पण उरण-पेण भागातील मिठागरांचे जाडे मीठ पावसाळ्यात बरणीत पाझरते, हे घरोघरी माहीत आहे. शुद्ध सोडियम क्लोराइड हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की चिघळते, म्हणजे हवेतले बाष्प ओढून घेऊन त्यातच विरघळते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते आणि ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच चिघळते. परिणामी कोकणच्या हवेत गाडीच्या खाचाखोचांत बसलेले मीठ जवळजवळ वर्षभर ओलसर राहते. पाऊस नसला तरी गंज चढतो, त्याचे कारण हेच.

गंज म्हणजे एक छोटा विद्युतघट

लोखंड गंजणे ही विद्युत-रासायनिक क्रिया आहे. पत्र्याच्या एका जागी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून आयनांच्या रूपात पाण्यात जातात. हे इलेक्ट्रॉन पत्र्यातूनच वाहत दुसऱ्या जागी पोचतात आणि तेथे हवेतील ऑक्सिजन व पाणी त्यांना स्वीकारून हायड्रॉक्साइड आयन बनवतात. पहिली जागा अॅनोड, दुसरी कॅथोड. दोहोंच्या मध्ये लोखंडाचे आयन व हायड्रॉक्साइड यांची गाठ पडते, पुढे ऑक्सिजनशी संयोग होतो आणि तांबूस गंज तयार होतो. हे मंडल पूर्ण होण्यासाठी पाण्यातून आयनांना वाहता आले पाहिजे. साध्या पावसाच्या पाण्यात ते कष्टाने होते, खाऱ्या पाण्यात मात्र अगदी सहज. मीठ स्वतः लोखंड ‘खात’ नाही. ते या घटातील वाट मोकळी करून देते.

केंब्रिजमधील संशोधक युलिक एव्हन्स यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात केलेला एक प्रयोग वर्गात सहज करता येतो. पोलादी पट्टी पॉलिश कागदाने घासून स्वच्छ करावी. मिठाच्या पातळ द्रावणात फिनॉल्फ्थॅलीन आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांचे थोडे थोडे द्रावण मिसळून त्याचा एक थेंब पट्टीवर ठेवावा. (फेरिसायनाइड तापवू नये आणि आम्लात मिसळू नये.) थोड्याच वेळात थेंबाच्या मध्यभागी निळा आणि कडेला गुलाबी रंग दिसू लागतो. मध्यभागी हवा कमी पोचते, तेथे लोखंड विरघळते. कडेला हवा भरपूर, तेथे अल्कता वाढते. म्हणजे हवा जेथे कमी पोचते तीच जागा कुजते! चिखलाच्या थराखाली, रबरी पट्टीमागे, दाराच्या पोकळीत गंज आधी का लागतो, याचे उत्तर या एका थेंबात आहे.

कारखान्यात चढणारे कवच

गंज थांबवायचा एक मार्ग म्हणजे लोखंडच न वापरणे. अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेची इमारत १९०४च्या सुमारास उभी राहिली ती चुंबकीय नसलेले साहित्य पारखून. तिथले कारण अर्थातच वेगळे होते. मोटारीला मात्र पोलादाशिवाय सहसा भागत नाही. म्हणून तिच्या पत्र्यावर एकावर एक थर दिले जातात.

अनेक गाड्यांत पत्र्याला आधी जस्ताचा मुलामा असतो. जस्त लोखंडापेक्षा अधिक क्रियाशील असल्यामुळे ओरखडा पडला तरी आधी स्वतः झिजते आणि लोखंड वाचवते. त्यानंतर फॉस्फेटचा पातळ थर येतो, त्यामुळे रंग घट्ट धरतो. मग सगळा सांगाडा रंगाच्या टाकीत बुडवून त्यातून विद्युतप्रवाह सोडतात. धनभारित रंगकण ऋणभारित पत्र्याकडे ओढले जातात आणि ब्रश किंवा फवारा जेथे पोचणार नाही अशा कोपऱ्यांतही बसतात. गंजापासून खरा बचाव होतो तो या थराने. त्यावर समतलता आणणारा थर, मग रंगाचा थर आणि शेवटी पारदर्शक ‘क्लिअर कोट’.

या सर्वांची एकूण जाडी किती असावी? साधारण १०० ते १५० मायक्रॉन. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे दोन केसांएवढ्या जाडीवर सगळी भिस्त! त्यात क्लिअर कोटचा वाटा सुमारे ४० मायक्रॉनचा. उन्हातील अतिनील किरणांपासून खालचा रंग वाचवणारी द्रव्ये याच थरात असतात. यंत्राने वारंवार पॉलिश करताना आपण हाच थर घासून कमी करत असतो, हे ध्यानात ठेवावे.

मेण, सिरॅमिक आणि ९एच

कोळी बांधव लाकडी होडीच्या फळ्यांना माशाचे तेल लावत, बुडाला चुना व तेल-चरबीचा लेप देत आणि पावसाळ्यापूर्वी होड्या शाकारून ठेवत. पाणी आणि वस्तू यांच्यामध्ये काहीतरी तेलकट आड ठेवावे, हे तत्त्व जुनेच आहे. मोटारीवरचे मेण त्याचेच पुढचे रूप. ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांपासून मिळणारे कार्नोबा मेण सुमारे ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून उन्हात तापलेल्या बॉनेटवरही काही काळ टिकते. तरी साबण, ऊन आणि पाऊस यांनी ते काही आठवड्यांत ते दोन-तीन महिन्यांत निघून जाते.

‘सिरॅमिक’ लेप म्हणजे चिनी मातीचा मुलामा नव्हे. सिलिकॉनयुक्त द्रव संयुगे पुसून लावतात. हवेतील बाष्पाशी त्यांची क्रिया होऊन सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या बंधांचे जाळे तयार होते आणि ते क्लिअर कोटला घट्ट चिकटते. थर भरतो जेमतेम एक-दोन मायक्रॉन. त्याचा मोठा गुण म्हणजे तो पाण्याला दूर लोटतो. थेंब पृष्ठभागाशी जो कोन करतो त्याला स्पर्शकोन म्हणतात. तो ९० अंशांपेक्षा जास्त असेल तर पृष्ठभाग जलविरोधी मानतात. चांगल्या लेपावर तो १०० ते ११० अंश भरतो. पाणी गोळ्या होऊन ओघळते, चिखल कमी चिकटतो, धुणे सोपे जाते. पक्ष्यांची विष्ठा किंवा झाडाचा चीक वेळीच पुसला तर डागही कमी पडतात.

याची दुसरी बाजूही आहे. ओघळून न गेलेले थेंब उन्हात सुकले की त्यांतील क्षार गोल डागांच्या रूपाने उरतात. बोअरच्या जड पाण्याने गाडी धुणाऱ्यांना याचा प्रत्यय येतो. म्हणून लेप असला तरी गाडी सावलीत धुवावी आणि लगेच मऊ कापडाने पाणी टिपून घ्यावे.

जाहिरातीत ‘कठीणता ९एच’ असे लिहिलेले असते. हिरा १० आणि हा लेप ९, असा अनेकांचा समज होतो. तो चुकीचा आहे. दहा अंकी मोह्स श्रेणी खनिजांची आहे. ९एच ही पेन्सिलीची श्रेणी आहे. एचबी, २एच, ६एच अशा चित्रकलेच्या पेन्सिली ठरावीक दाबाने पृष्ठभागावर ओढायच्या आणि कोणत्या पेन्सिलीने ओरखडा पडत नाही ते पाहायचे, अशी ही चाचणी. पेन्सिलीचे शिसे म्हणजे ग्रॅफाइट आणि चिकणमाती. किनाऱ्यावरच्या वाळूत आढळणारे क्वार्ट्झ मोह्स श्रेणीवर ७ व्या क्रमांकावर, म्हणजे पेन्सिलीपेक्षा पुष्कळच कठीण. तेव्हा काशीद-नागावहून आलेली गाडी कोरड्या फडक्याने पुसली तर ९एच लेपावरही जाळीदार ओरखडे उमटणारच. आधी भरपूर पाणी ओतून वाळू वाहून जाऊ द्यावी, मगच हात लावावा.

फिल्म : जाडीचा फायदा

पुढच्या ट्रकच्या चाकातून उडालेला खडा ताशी साठ-सत्तर किलोमीटर वेगाने येणाऱ्या बॉनेटवर आदळला तर एक मायक्रॉनचा लेप काय करणार? रंगाची टिकली उडते, पत्रा उघडा पडतो आणि गंजाचा घट सुरू होतो. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा लागत असल्याने तो आजूबाजूचा रंगही उचलत जातो. यासाठी उपयोगी पडते ती पॉलियुरेथेनची पारदर्शक, लवचीक फिल्म. तिची जाडी १५० ते २०० मायक्रॉन, म्हणजे गाडीच्या सगळ्या रंगापेक्षाही जास्त. व्हिएतनाम युद्धाच्या काळात हेलिकॉप्टरच्या पात्यांना वाळूची झीज लागू नये म्हणून अशा फिल्मचा वापर सुरू झाला. खड्याचा आघात ती रबरासारखी दबून सोसते. तिच्या वरच्या थरातील बहुवारिक साखळ्या एकमेकींना जोडलेल्या असतात. हलका ओरखडा पडला तर ऊन किंवा गरम पाण्याच्या उबेने त्या पुन्हा मूळ जागी येतात आणि ओरखडा दिसेनासा होतो. मात्र फिल्म फाटली तर ती सांधत नाही.

पूर्ण गाडीला फिल्म लावणे फार महाग पडते. पुढचा बंपर, बॉनेटची पुढची कड, आरशांच्या पाठी, दारांच्या कडा आणि मागच्या चाकांपुढचा भाग एवढ्यावर ती लावली तरी बराचसा फायदा मिळतो. गंज लागलेल्या पत्र्यावर ती लावू नये. खालचा गंज त्यामुळे थांबत नाही.

चाकांची गोष्ट

किल्ल्यावर जाणाऱ्या टांग्याच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव असे. मोटारीच्या अलॉय चाकात अॅल्युमिनिअमबरोबर थोडे सिलिकॉन व मॅग्नेशियम असते. अॅल्युमिनिअम गंजत नाही, असे आपण शिकवतो. ते अर्धसत्य आहे. त्याच्यावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा पापुद्रा असतो आणि तोच त्याचे रक्षण करतो. क्लोराइड आयन नेमका हा पापुद्रा ठिकठिकाणी फोडतो आणि तेथे खड्डे पडतात. चाकावरच्या लाखेला कोठे टवका उडाला तर तेथून आत दोऱ्यासारख्या पांढुरक्या रेषा सरकत जातात. दमट हवेत हे विशेष घडते.

शिवाय ब्रेक लावताना डिस्कचे तापलेले लोहकण चाकावर बसतात आणि गंजून तांबूस ठिपके पडतात. चाकावर लेप दिला तर हे कण कमी रुततात, पाण्याने सुटतात. गरम चाकावर थंड पाणी किंवा तीव्र आम्ल मात्र कधीही टाकू नये. टवके उडालेले चाक घासून, पावडर कोटिंग करून भट्टीत भाजून घेणे हा अधिक टिकाऊ उपाय असतो, पण तो जाणकाराकडूनच करून घ्यावा.

संरक्षणाची किंमत

१८२४ साली हंफ्री डेव्ही यांनी ब्रिटिश आरमाराच्या जहाजांवरील तांब्याचा पत्रा झिजू नये म्हणून त्याला लोखंड, जस्त जोडून पाहिले. तांबे खरोखर झिजायचे थांबले. पण तांबे विरघळेनासे होताच जहाजाच्या बुडाला शिंपले आणि शेवाळ चिकटू लागले, कारण त्यांना दूर ठेवत होते ते विरघळणारे तांबेच! कोणताही उपाय नेमके कशाला अडवतो हे पाहिल्याशिवाय तो पूर्ण मानू नये, हा यातला धडा.

मोटारीलाही हाच न्याय लागू आहे. मेण, सिरॅमिक आणि फिल्म हे तिन्ही दिसणाऱ्या रंगाचे रक्षण करतात. किनाऱ्यावरची गाडी मरते ती न दिसणाऱ्या जागी : बुडाच्या सांध्यांत, दाराच्या तळाशी, ब्रेकच्या नळ्यांवर. तेव्हा खर्चाचा क्रम असा असावा. आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने गाडी बुडासकट धुणे आणि दारांच्या खालची पाणी वाहून जाण्याची भोके मोकळी ठेवणे. उडालेल्या टिकल्यांवर लगेच रंग भरणे. बुडाला गंजरोधक लेप. त्यानंतर पैसे उरले तर पुढच्या भागाला फिल्म आणि वर मेण किंवा सिरॅमिक. हवा न खेळणारे प्लास्टिकचे आच्छादन ओलावा कोंडून ठेवते, ते टाळावे. गाडी पुळणीवर भरतीच्या पाण्यात नेण्याची हौस तर टाळलेलीच बरी.

विद्यार्थ्यांसाठी एक प्रकल्प सुचवावासा वाटतो. ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवलेल्या कापसाने गाडीच्या टपावरील एक फूट लांब-रुंद भाग पुसावा, कापूस ठरावीक पाण्यात पिळावा आणि त्यात सिल्व्हर नायट्रेटचे थोडे थेंब टाकावेत. (हातमोजे घालावेत, त्वचेवर काळे डाग पडतात.) पांढरा साका जितका दाट, तितके क्लोराइड अधिक. अलिबागचा किनारा, पोयनाड, वडखळ, पेण अशा ठिकाणी एकाच दिवशी, आदल्या दिवशी धुतलेल्या गाड्यांवर हा प्रयोग करावा. क्लोराइड अंतराबरोबर सरळ कमी होते की धरमतरच्या खाडीजवळ पुन्हा वाढते? पावसाळ्यापूर्वी आणि नंतर काय फरक पडतो? आपल्या गावाचा असा नकाशा शाळेने तयार केला, तर गाडी कितीदा धुवावी हे पालकांना सांगण्याचे काम मुलेच करू शकतील.