स्वेटरच्या वर रेनकोट

डिसेंबरात पहाटे साडेपाचला एटापल्लीहून गाडी काढली, की गाव सुटेपर्यंत थंडी फारशी कळत नाही. शेवटच्या घरापुढची शेकोटी मागे पडते, रस्ता जंगलात शिरतो आणि पहिल्या नाल्याच्या उताराला गारठा एकदम अंगावर येतो. थंड हवा जड, रात्रभर सखल जागी साचून राहते. नाला ओलांडून चढ लागला की जरा बरं वाटतं, पुढच्या उताराला पुन्हा तेच. कसनसूरच्या रस्त्यावर असे उतार कुठे कुठे आहेत, ते पहिल्याच हिवाळ्यात माझ्या बोटांना पाठ झालं.

शिक्षक म्हणून इकडे बदली झाली तेव्हा सगळ्यांनी उन्हाळ्याचीच भीती घातली होती. जानेवारीत काही रात्री पारा 10 अंशांच्या खाली जातो, हे कुणी बोललं नव्हतं. म्हणून नागपूरला गेलो तेव्हा तिबेटी विक्रेत्यांच्या दुकानातून सगळ्यात जाड स्वेटर उचलला. गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावजवळ 1972 पासून या लोकांची नॉर्ग्येलिंग वसाहत आहे. दर हिवाळ्यात ते शहरांत दुकानं मांडतात, माल बहुतेक लुधियानाचा. स्वेटर उत्तम होता. घरात घातला तर दहा मिनिटांत घाम यायचा. गाडीवर मात्र तो अंगात आहे की नाही, असं व्हायचं.

एका सकाळी वळणावर बैल उभा होता. ब्रेक दाबायला बोटं हलवली, पण ती दांडीवर आहेत की नाहीत हेच कळेना. गाडी बैलापासून हातभर अंतरावर थांबली. त्या दिवशी शाळेत हात चोळत बसलो होतो, तेव्हा आमच्या मुख्याध्यापकांनी विचारलं, "सर, तुमचा पावसाळ्यातला रेनकोट कुठं हाये?"

"घरी, पेटीत."

"उद्या तो वरून घाला. स्वेटर आत."

दुसऱ्या दिवशी घातला, आणि तेवढ्यानं फरक पडला. कारण साधं आहे. लोकर ऊब देत नाही, ती आपल्या अंगाची तापलेली हवा धाग्यांत धरून ठेवते. गाडी पळाली की वारा विणीतून आत घुसतो आणि ती हवा काढून नेतो. हवेत 10 अंश असताना ताशी 50 किलोमीटर वेगानं जाणाऱ्याच्या उघड्या कातडीला थंडी पाच-सहा अंशांसारखी झोंबते. म्हणजे गाडीवरच्या माणसानं पैसे आधी वारा अडवायला खर्च करावेत, जाडीला नंतर. आणि वारा अडवणारं कापड आपल्याकडे जवळपास प्रत्येक घरात असतं, फक्त आपण ते दसऱ्याला घडी घालून ठेवून देतो.

आता बाजारात कपडा घेताना मी एकच परीक्षा करतो. कापड ओठांशी धरायचं, मागे तळहात ठेवायचा आणि जोरात फुंकायचं. फुंकर तळहाताला लागली तर तो कपडा आत घालायचा, नाही लागली तर बाहेर. आठवडी बाजारात जुन्या कपड्यांचे ढीग लागतात, त्यात शंभर रुपयांचं विंडचीटर या परीक्षेत पास होतं आणि हजाराचं दिसायला भारी जाकीट नापास होतं. चेनमधून वारा येतोच, म्हणून चेनमागे पट्टी आहे का तेही बघावं. माझ्या जाकिटाला नव्हती. एटापल्लीतल्या टेलरनं जुन्या छत्रीच्या कापडाची चार बोटं रुंद पट्टी काढली, दुहेरी दुमडली आणि एका बाजूनं आतून शिवली. चाळीस रुपये घेतले. ती पट्टी छातीवर बसते तेव्हा दार लोटल्यासारखं वाटतं.

छातीचं महत्त्व मला उशिरा कळलं. अंगाचा मधला भाग गारठला की शरीर हातापायांकडचं रक्त आवरतं घेतं, कारण त्याला आधी काळीज आणि फुप्फुसं सांभाळायची असतात. त्यामुळे बोटं गार पडत असतील तर नुसते हातमोजे बदलून भागत नाही. विंडचीटर नसेल त्या दिवशी वर्तमानपत्राच्या चार घड्या स्वेटरखाली छातीवर सरकवाव्यात. एटापल्लीहून आलापल्लीपर्यंत त्या सहज निभावतात.

हातांसाठी मी साठ रुपयांचे विणलेले मोजे घेतो आणि त्यावर भांडी घासायचे रबरी मोजे, एक माप मोठे. दुकानातच दोन्ही चढवून मूठ पाच-सहा वेळा उघडमीट करावी. क्लच-ब्रेक दाबताना बोट अडत असेल तर ते घेऊ नयेत. काही जण तेलाचा प्लास्टिकचा डबा कापून हँडलला ढालीसारखा बांधतात. वारा चांगला अडतो, पण हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून आणि दोन्ही दांड्या दाबून बघितल्याशिवाय रस्त्यावर निघू नये. कानटोपी पातळच हवी. जाड टोपीवर हेल्मेट घट्ट बसत नाही आणि पट्टा हनुवटीखाली ओढला जात नाही. मफलरची, दुपट्ट्याची टोकं जाकिटात खोचायची, मागे बसणाऱ्या बाईच्या पदराचीही तीच काळजी. चाकात गेलेला कपडा माणसाला खाली खेचतो.

सुती बनियनचा त्रास वेगळाच. नाल्याच्या वाळूत रुतलेली गाडी ढकलताना घाम येतो, सुती कापड तो धरून ठेवतं आणि पुढचा सगळा रस्ता पाठ ओली आणि गार. आत साधं सिंथेटिक इनर असलं तर ते लवकर वाळतं.

धुक्यात सूरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक समोरून येतात. ट्रक बाजूनं गेला की वाऱ्याचा आणि लाल धुळीचा लोट अंगावर आदळतो. म्हणून नवा रेनकोट घेताना मी पिवळा घेतला आणि पाठीवर रेडियमची पट्टी शिवून घेतली. काळा पन्नास रुपयांनी स्वस्त होता.

मागच्या बाजारात आमच्या शाळेजवळच्या गावातल्या आशाताई भेटल्या. त्या रात्री-अपरात्री बाळंतिणीसाठी निघतात, कधी नवऱ्याच्या गाडीवर, कधी गावातल्या कुणाच्या. मी फुंकायची युक्ती सांगितली. त्यांनी ढिगातून एक जाकीट उचललं, फुंकलं, ठेवलं. दुसरं उचललं. तिसऱ्यानंतर दुकानदार म्हणाला, "ताई, फुग्गा फुगवून राहिल्या का?" त्यांनी उत्तर दिलं नाही. सातवं जाकीट ओठांशी धरून त्या क्षणभर थांबल्या, मग माझा हात ओढून कापडामागे धरला आणि पुन्हा फुंकलं. माझ्या तळहाताला काहीच लागलं नाही.

"किती?" त्यांनी दुकानदाराला विचारलं.