जुना जोड पुन्हा चालेल का?

गोंदिया जिल्ह्यातल्या बऱ्याच घरांत आता लोखंडी पाइपांची जागा प्लास्टिकनं घेतली आहे. दुरुस्तीत निघालेले एल्बो, टी, कपलिंग आपल्याला फेकवत नाहीत. खोक्यात पडून राहतात. ते पुन्हा बसवावेत का? उत्तर देण्याआधी आपण विचारू, जोड पाणी धरून ठेवतो तो कशाच्या जोरावर?

पांढऱ्या पीव्हीसी पाइपाला आपण ‘सोल्युशन’ लावतो. तो डिंक नव्हे. त्यातला द्रावक पाइपाचा बाहेरचा आणि फिटिंगचा आतला पृष्ठभाग मऊ करतो. दोन्हीकडच्या लांब रेणुसाखळ्या एकमेकींत शिरतात, द्रावक उडून जातो आणि एकसंध प्लास्टिक उरतं. असा जोड सुटत नाही, कापावाच लागतो. पाइपाच्या नव्या कापलेल्या टोकाला नवं फिटिंग खुशाल लावा; पण ओरबाडून मोकळ्या केलेल्या जुन्या एल्बोत नेमकी फट राहत नाही, आणि हा जोड त्या फटीच्या मापावरच अवलंबून असतो. मे महिन्याच्या दुपारी तर नवा जोडही फसतो. पारा ४५ अंशांजवळ असताना टोकं जुळवण्याआधीच द्रावक उडू लागतो. हे काम सकाळी, सावलीत करावं. जुन्या पीव्हीसीबाबत आणखी एक शंका असते. ते टिकवण्यासाठी पूर्वी शिशाची संयुगं सर्रास वापरत. त्यांवर निर्बंध घालणारे नियम केंद्र सरकारनं २०२१ साली केले. पिण्याच्या पाण्यासाठी खोक्यातले जुने तुकडे नकोत, असं आमचं मत आहे.

रस्त्यावरच्या मुख्य पाइपापासून घरापर्यंत अनेकदा काळी एचडीपीई नळी येते. ती पॉलिथिनची. तिला सोल्युशन लावून काही होत नाही, कारण नेहमीच्या तापमानाला पॉलिथिन सहसा कशातच विरघळत नाही. म्हणून ती तापवून वितळवून जोडतात, किंवा आट्यांच्या फिटिंगमध्ये आवळतात. या फिटिंगमध्ये कामं वाटून दिलेली असतात. चिरलेली दातेरी कडी नळीला पकडते, रबराची रिंग पाणी अडवते आणि नट दोघांना जागेवर ठेवतो. म्हणूनच हे फिटिंग पुन्हा वापरता येतं. मात्र दात रुतलेलं नळीचं टोक काटकोनात कापून टाकावं, धार घासून घ्यावी आणि दबून चपटी झालेली रिंग बदलावी. कडीचे दात झिजले असतील, तर मोह आवरावा.

परदेशात घरोघरी दिसणारी पेक्स नळी याच पॉलिथिनची बहीण. फरक एवढाच की, तिच्या साखळ्या एकमेकींना रासायनिक बंधांनी बांधलेल्या असतात. त्यामुळे तिला आपला मूळ आकार ‘आठवतो’. एका पद्धतीत तिचं टोक अवजारानं फाकवून फिटिंगवर चढवतात. ते आक्रसतं आणि घट्ट बसतं. सोडवायचं तर नळी तापवून मऊ करावी लागते. पितळी फिटिंग यातून सुखरूप निघू शकतं. प्लास्टिकचं मात्र उष्णतेनं बिघडतं, म्हणून ते टाकून द्यावं.

उन्हातल्या नळीचं गणित विद्यार्थ्यांना घालण्यासारखं आहे. एचडीपीईची लांबी दर अंशाला मीटरमागे सुमारे ०.१५ मिलिमीटर वाढते. १० मीटर नळी ३० अंशांनी तापली, तर ती साडेचार सेंटिमीटर लांबते; तेवढंच लोखंड चार मिलिमीटरही वाढत नाही. नळी ताणून बसवली, तर रात्री आक्रसताना सगळा ओढा जोडावर येतो. थोडी सैल, नागमोडी टाकावी.

एवढी काळजी थेंबभर गळतीसाठी कशाला? आपल्याकडे पाणी दिवसातून काही वेळच येतं. ते बंद झालं की पाइपातला दाब घटतो, कधी बाहेरच्यापेक्षाही कमी होतो. मग ज्या फटीतून थेंब बाहेर येत होता, तिच्यातूनच शेजारच्या नालीचं पाणी आत ओढलं जातं. दुसऱ्या दिवशी नळाचं पहिलं पाणी हंड्यात भरताना ते डोळ्यांना दिसेलच असं नाही. म्हणून नवा असो वा जुना, जोड मातीत गाडण्याआधी पूर्ण दाबानं पाणी सोडावं, वरून कोरडा कागद फिरवावा आणि कागद कोरडा राहिला तरच खड्डा बुजवावा.