धडधाकट माणसानें फ्लूची लस कोणासाठीं टोचून घ्यावी?

पावसाच्या पहिल्या सरी कोसळून गेल्या, कीं वाशीच्या घराघरांतून शिंका आणि खोकला ऐकूं येऊं लागतात. त्यांतील बहुतेकांस साधें पडसें झालेलें असतें. कांहींना मात्र इन्फ्ल्युएन्झा, म्हणजे आपण ज्यास फ्लू म्हणतों, तो झालेला असतो. तीस-पस्तीस वर्षांचा सशक्त गृहस्थ चार-पांच दिवस अंथरुणावर कण्हत पडतो आणि पुन्हां गाडी पकडून खाडीपलीकडे कामावर जाऊं लागतो. अशा गृहस्थास फ्लूची लस घेण्यास सांगितलें तर तो विचारतो, “मला काय होणार आहे?” त्याचें विचारणें रास्त आहे. केवळ त्याच्यापुरतें पाहिलें तर लाभ बेताचाच. परंतु त्याच घरांत सत्तरी ओलांडलेले आजोबा असतील, पाळण्यांत तीन महिन्यांचें बाळ असेल, तर प्रश्न निराळा होतो. त्या निराळ्या प्रश्नाचा आज विचार करूं.

मुंबईस हा रोग नवा नाहीं. १९१८ च्या जून महिन्यांत मुंबईंतील कांहीं पोलीस शिपाई तापानें आजारी पडून रुग्णालयांत दाखल झाले. त्यांपैकीं एकाची नेमणूक गोदीवर होती. पाहतां पाहतां ताप शहरभर पसरला. पावसाळ्यानंतर आलेली दुसरी लाट अधिक घातक ठरली आणि ६ ऑक्टोबर या एकाच दिवशीं शहरांत ७६८ माणसें मृत्यु पावलीं. त्या सांथींत तरुण माणसें फार दगावलीं, हा एक विलक्षण प्रकार होता. एरवीं दरसालचा फ्लू बळी घेतो तो मुख्यतः वृद्धांचा, लहान मुलांचा आणि दमा, मधुमेह, हृदयविकार यांनीं आधींच गांजलेल्यांचा. २००९ सालीं स्वाइन फ्लूचा हिंदुस्थानांतील पहिला मृत्यु पुण्यास झाला. त्यावेळीं शाळा आणि चित्रपटगृहें बंद ठेवावीं लागलीं, हें पुष्कळांच्या स्मरणांत असेल.

आतां संसर्ग होतो कसा तें पाहूं. फ्लू झालेला प्रौढ मनुष्य ताप येण्याच्या सुमारें एक दिवस आधींपासून रोग पसरवूं शकतो. आपण आजारी आहोंत हें त्यास ठाऊकही नसतें. तो गर्दीच्या डब्यांतून घरीं येतो आणि बाळास उचलून घेतो. सहा महिन्यांखालील बाळास फ्लूची लस देतां येत नाहीं. आजोबांस देतां येते, नव्हे ती दिलीच पाहिजे. परंतु उतारवयांत शरीराची प्रतिकारशक्ति मंदावलेली असल्यामुळें तीच लस त्यांच्या ठायीं कमी गुण देते. म्हणजे ज्यांना संरक्षणाची निकड अधिक, त्यांनाच लस कमी पुरते. आणि जिच्या शरीरांत ती चांगली गुण देते, त्या धडधाकट व्यक्तीस तिची गरज वाटत नाहीं!

मग अशा माणसानें लस घेतल्यास इतरांचा बचाव खरोखरच होतो काय? याविषयीं जपानचा अनुभव बोलका आहे. तेथें १९६२ पासून शाळकरी मुलांना फ्लूची लस देण्याची मोहीम सुरू झाली आणि पुढें ती सक्तीची झाली. १९८७ मध्यें पालकांस नकाराची मोकळीक मिळाली, आणि १९९४ मध्यें मोहीम थांबली. कांहीं संशोधकांनीं या सर्व काळांतील मृत्यूंचे आकडे तपासले. मोहीम चालू असतां दरवर्षीं ३७,००० ते ४९,००० मृत्यु टळत असावेत, आणि ते बहुतांशीं वृद्धांचे, असा निष्कर्ष त्यांनीं २००१ सालीं प्रसिद्ध केला. टोचलें नातवांना, वांचले आजोबा! या हिशेबावर पुढें आक्षेपही आले, हें सांगणें अवश्य आहे. परंतु कॅनडांतील हटराइट पंथाच्या ४९ वसाहतींत झालेला प्रयोग अधिक काटेकोर होता. कांहीं वसाहतींतील मुलांना फ्लूची लस दिली, बाकीच्या वसाहतींतील मुलांना दुसऱ्याच रोगाची. पहिल्या वसाहतींत लस न घेतलेल्या मंडळींतही फ्लूचें प्रमाण सुमारें ६१ टक्क्यांनीं कमी आढळलें.

येथवर झालें तें मुलांविषयीं. धडधाकट प्रौढांविषयींचा पुरावा इतका भक्कम नाहीं, आणि लशीच्या पुरस्कर्त्यांनीं तें लपवूं नये असें मला वाटतें. १९९६-९७ च्या हिंवाळ्यांत स्कॉटलंडमधील वृद्धांच्या वीस रुग्णालयांत एक प्रयोग झाला. ज्या रुग्णालयांतील सेवकवर्गास लस देऊं केली होती, तेथें १३.६ टक्के रुग्ण मरण पावले, इतरत्र २२.४ टक्के. आंकडे पाहून मन हरखतें. तथापि रुग्णांच्या तपासणींत फ्लूचा विषाणु आढळण्याचें प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखेंच होतें. तेव्हां ही सगळी घट लशीच्या खातीं जमा करणें धाडसाचें ठरेल.

लस स्वतःही अचूक नव्हे. हा विषाणु सतत रूप पालटतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षांतून दोनदां लशींतील घटक नव्यानें सुचविते. लस आणि चालू विषाणु यांचा मेळ जमला, तर डॉक्टरकडे जावें लागेल असा फ्लू होण्याचा संभव सुमारें ४० ते ६० टक्क्यांनीं घटतो. मेळ फसला तर त्याहून कमी. प्लेगची लस शोधून हाफकिन यांनीं १० जानेवारी १८९७ रोजीं मुंबईंत ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. तेव्हां ज्यानें टोचून घ्यावी त्याचाच जीव तिनें वांचवावा, एवढाच सरळ व्यवहार होता. येथें टोचणार एकाला आणि वांचणार कदाचित् दुसराच, तोही कोण हें कधींच कळणार नाहीं. अशा गोष्टीची सक्ती करावी इतका पुरावा आज आहे, असें मला वाटत नाहीं.

परंतु घरांत तान्हें मूल, वृद्ध किंवा कर्करोगावर उपचार घेणारें माणूस असेल, तर मोठ्यांनीं सर्वांनीं लस घ्यावी, असें मी निःशंकपणें सांगेन. डॉक्टर, परिचारिका, पाळणाघर चालविणाऱ्या बायका, वृद्धांची शुश्रूषा करणारे, यांचें तर तें कर्तव्यच. गर्भवतीनें घेतल्यास तिच्या रक्तांतील संरक्षण बाळास जन्माआधींच पोंचतें. महाराष्ट्र शासनानें २०१५ सालीं गर्भवतींना आणि कांहीं जोखमीच्या रुग्णांना ही लस विनामूल्य देण्यास आरंभ केला, तो याच विचारानें. इतरांस खासगी दवाखान्यांत पैसे मोजावे लागतात, आणि चार माणसांच्या कुटुंबास तो खर्च दरवर्षीं जाणवतो. ज्यास एकच लस परवडेल, त्यानें ती आधीं आजोबांस द्यावी.

टोचण्याच्या लशींत जिवंत विषाणु नसतो, त्यामुळें तिनें फ्लू होत नाहीं. दंड दुखतो, क्वचित् दिवसभर कणकण येते. मज्जातंतूंचा एक गंभीर विकार दहा लाखांत एखाद-दुसऱ्यास होऊं शकतो. अंड्याची किंवा औषधांची तीव्र वावडी असल्यास वैद्यास तसें आधीं सांगावें.

आपल्याकडे फ्लूचा मुख्य जोर पावसाळ्यांत, आणि कांहीं वर्षीं पुन्हां हिंवाळ्याच्या अखेरीस असतो. लस गुणास येण्यास सुमारें दोन आठवडे लागतात. म्हणून मे महिन्यांत ती घेतलेली बरी. आणि ती घेऊनही अंगांत ताप भरलाच, तर ताप उतरून निदान एक दिवस लोटेपर्यंत कचेरीचें तोंड पाहूं नये, आणि पाळण्याकडे तर मुळींच फिरकूं नये.