आधी गल्लीचा नकाशा काढा

स्मार्ट सिटीच्या यादीत धर्माबादचं नाव येणार नव्हतं, आणि आलंही नाही. 25 जून 2015 रोजी केंद्र सरकारनं मोहीम जाहीर केली, शंभर शहरं निवडली. मराठवाड्यातून एकट्या औरंगाबादचा नंबर लागला. नांदेड राहिलं, लातूर राहिलं. मग तेलंगणाच्या शिवेवर बसलेल्या, मिरचीच्या मोंढ्यावर जगणाऱ्या आमच्या तालुक्याच्या गावाला कोण विचारतो? तरी हा विषय कैक वर्षं माझ्या डोक्यात ठाण मांडून आहे आणि घरचे त्याला कंटाळलेत. विषय एवढाच, की शहरातल्या सोयी आखताना तिथं राहणाऱ्यांना विचारायचं कधी आणि कसं? कचऱ्याची गाडी किती वाजता यावी, पाणी आधी कुठल्या गल्लीत सुटावं, संडास कुठं बांधावा, हे ठरवणाऱ्यांच्या खोलीत त्या गल्लीतलं कुणी असतं का?

इतिहास उरकूनच टाकतो. 1989 साली ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्री शहरानं पालिकेच्या पैशातला काही वाटा लोकांनी ठरवायची पद्धत आणली आणि ती जगभर गेली. आपल्याकडे 74वी घटनादुरुस्ती 1993 पासून लागू झाली. तिनं प्रभाग समित्या बंधनकारक केल्या, पण तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकवस्तीच्या शहरांना. 2009 मध्ये महाराष्ट्रानं महापालिकांच्या कायद्यात क्षेत्रसभा आणली, तीही केंद्राच्या नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेची अट होती म्हणून; कागदावर आली आणि बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिली. म्हणजे खेड्याला ग्रामसभा आहे, महानगराला निदान नावापुरती प्रभाग समिती आहे. मधल्या गावाला काय? धर्माबाद ग्रामपंचायत असती तर आमच्या आत्याबाई ग्रामसभेत उभ्या राहून सरपंचाला जाब विचारू शकल्या असत्या. नगरपालिका झाली आणि तो हक्क गेला. त्यात 2021–22 पासून काही वर्षं राज्यातल्या बहुतेक पालिकांवर प्रशासक होते, तेव्हा नगरसेवकाच्या दारात जाऊन ओरडायचीही सोय उरली नव्हती.

पुण्याचं कौतुक मात्र केलं पाहिजे. तिथं 2006 पासून सहभागी अंदाजपत्रक आहे. नागरिकानं अर्ज भरायचा, पाच लाखांपर्यंतचं काम सुचवायचं, क्षेत्रीय कार्यालयानं ते तपासायचं. बाक, पदपथ, दिवे, बसथांबे अशी साधी कामं येतात. माझ्या मते त्यातली खोट अर्जातच आहे. अर्ज भरणाऱ्याला अर्ज भरता यावा लागतो. धुणंभांडी करून रात्री आठला घरी पोचणारी बाई क्षेत्रीय कार्यालयाच्या खिडकीशी कधी जाणार? पुढं स्मार्ट सिटीच्या वेळी पुण्यानं लोकांकडून लाखांनी सूचना गोळा केल्या. पण आधी योजना आखायची आणि मग ‘तुमचं मत कळवा’ म्हणायचं, याला मी विचारणं म्हणत नाही. लग्न ठरवून झाल्यावर मुलीला पसंती विचारण्यातला हा प्रकार.

खरं विचारणं कसलं असतं, ते त्याच पुण्यात दुसरीकडे दिसतं. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत 1993 साली उभी राहिली आणि 2008 मध्ये कचरावेचकांचीच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली. दारोदार कचरा कसा गोळा करायचा, ओला-सुका कुठं वेगळा करायचा, त्यातलं विकाऊ काय, हे ज्यांच्या हातांना आधीपासून माहीत होतं, त्यांच्याच हाती महापालिकेनं काम दिलं. सल्लागाराला हे ज्ञान विकत आणावं लागलं असतं.

आता माझ्या लाडक्या कोपऱ्याकडे येतो. तो कोपरा म्हणजे नकाशा.

2011च्या सुमारास निपुण विनायक नांदेड-वाघाळा महापालिकेचे आयुक्त होते. त्यांनी हागणदारीमुक्तीसाठी अख्ख्या शहरात एक पद्धत वापरायचं ठरवलं, जी तोवर प्रामुख्यानं खेड्यांत वापरली जात होती. कोलकात्याच्या कमल कार यांनी ती 2000च्या आसपास बांगलादेशात, राजशाही भागातल्या मोसमोइल गावात सुरू केली. तिच्यात अनुदान आधी येत नाही, भाषणही येत नाही. वस्तीतली माणसं मोकळ्या जागेत जमवायची आणि त्यांच्याच हातानं जमिनीवर वस्तीचा नकाशा काढून घ्यायचा. रांगोळी, राख, लाकडाचा भुसा, पानं, काहीही चालतं. प्रत्येकानं आपलं घर दाखवायचं. मग पिवळी पूड हातात द्यायची आणि विचारायचं, सकाळी कुठं जाता? माणसं आधी हसतात, मग एकमेकांकडे बघत पूड टाकू लागतात. पूड विहिरीजवळ पडते, शाळेमागं पडते, नाल्याच्या कडेनं पडते. पाऊस आला की हे कुठं वाहत जातं, असं विचारलं की कुणीतरी काडीनं रेघ ओढतो, आणि ती रेघ हातपंपाशी येऊन थांबते. यानंतर पाण्याचा पेला येतो. डोक्याचा केस विष्ठेला लावून तो पेल्यात बुडवायचा आणि पेला पुढं करायचा. कुणी पीत नाही. मग विचारायचं, माशीला पाय किती? सहा. केस तर एकच होता.

पेल्याच्या या खेळाबद्दल माझं मन साशंक आहे. किळस आणि लाज यांवर उभं केलेलं काम गरिबाच्या अंगावरच येतं. पहाटे टमरेलवाल्यांना गाठणारी आपल्याकडची ‘गुड मॉर्निंग पथकं’ आठवा. शहरात तर अडचण आणखी वेगळी. दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्याला लाज नसते असं नाही, त्याला संडासाला जागा नसते, जागा असली तर ड्रेनेज नसतं. म्हणून पेला सोडा, नकाशा ठेवा, असं माझं मत. त्या नकाशात लोकांना शिकवायला कुणी बाहेरचा येत नाही. ज्या गोष्टी इंजिनिअरच्या कागदावर नसतात, त्या तिथं आपसूक उमटतात: कुठल्या बोळात रात्री बायका जात नाहीत, कुठली गटार उन्हाळ्यातही तुंबते, सार्वजनिक संडासातली कुठली कोपऱ्यातली खोली नुसती नावाला आहे.

हाच धागा सांगली-मिरजेत पुढं गेला. प्रतिमा जोशी आणि सहकारी वास्तुविशारदांनी 1993 मध्ये पुण्यात सुरू केलेल्या ‘शेल्टर असोसिएट्स’नं झोपडपट्ट्यांचे घरनिहाय नकाशे उपग्रहाच्या चित्रांवर बसवले. वस्तीतल्या लोकांच्या मदतीनं घरोघरची माहिती गोळा केली: कुणाकडे संडास आहे, कुणाकडे नाही, ड्रेनेजची लाईन किती फुटांवर आहे. मग ‘एक घर, एक संडास’. संस्थेनं साहित्य दारात आणून द्यायचं, बांधकामाचा खर्च कुटुंबानं करायचा. नकाशा हातात असला की महापालिकेशी भांडण सोपं होतं. ‘आमच्याकडे सोय नाही’ म्हणण्याऐवजी ‘या ओळीतल्या या घरांपर्यंत तुमची लाईन येत नाही’ असं म्हणता येतं, आणि अभियंत्याला कागद बाजूला सारता येत नाही.

आमच्या गल्लीत मी हा प्रयोग कोजागरीच्या रात्री केला. दूध आटत होतं, माणसं जमलेलीच होती. आमच्याकडे निम्म्या घरांत तेलुगू चालतं आणि त्या घरच्या बायका रोज पहाटे दारात मुग्गू, म्हणजे त्यांची रांगोळी, घालतात; ठिपक्यांच्या रांगा, सरळ रेघा, अंतरं डोळ्यांनी मोजलेली. त्यांच्यापुढं मी पांढरी पूड ठेवली आणि म्हणालो, आपली गल्ली काढा. पुरुष सूचना देत उभे राहिले, बायका कामाला लागल्या. मारुतीचं देऊळ, पिठाची गिरणी, ट्रान्सफॉर्मर, सगळं आलं. खुणेला काय वापरायचं, हा प्रश्न धर्माबादेत पडतच नाही. परडीभर वाळल्या मिरच्या आल्या. गटार तुंबते तिथं एक मिरची, रस्त्यावर पाणी साचतं तिथं दोन, नळाला धार येत नाही तिथं देठ. बघता बघता गिरणीमागची बाजू लाल झाली. एक आजी म्हणाल्या, ‘‘बापू, तिथं पूर्वी ओढा होता, माती टाकून बुजवला. पाणी जुनी वाट विसरत नसतंय.’’ पालिकेच्या कुठल्याही नकाशात तो ओढा मी पाहिलेला नाही.

दुसऱ्या दिवशी पाणी सोडणाऱ्या माणसाला मोबाइलवरचा फोटो दाखवला. छोट्या गावात खरा नगररचनाकार तोच. हातात लांब चावी, खांद्यावर टॉवेल. कुठला व्हॉल्व्ह किती आटे फिरवायचा, ते त्याच्या मनगटाला ठाऊक. त्यानं फोटो मोठा करून बघितला आणि देठांच्या जागेवर बोट ठेवलं: ‘‘रस्ता केला तवा हितला व्हॉल्व्ह डांबराखाली गेला. आता वरनं सोडलं तरी खाली दाब येत नाही.’’ ही गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नव्हती का? ‘‘कुणी विचारलंच नाही.’’ नळावर सेन्सर बसवायला माझी हरकत नाही. कऱ्हाडजवळच्या मलकापूर नगरपंचायतीनं 2009च्या सुमारास चोवीस तास पाणी आणि रेडिओवर वाचता येणारी मीटरं आणली, गाव आमच्याएवढंच. पण आमच्याकडे सेन्सरच्या आधी डांबर उकरावं लागेल.

पाण्याचा विषय निघालाच आहे, तर बाभळीबद्दल बोलल्याशिवाय धर्माबादचा माणूस उठणार नाही. आमच्या उशाला गोदावरीवर 2.74 टीएमसीचा बंधारा आहे, चौदा दरवाज्यांचा. 28 फेब्रुवारी 2013च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं 1 जुलै ते 28 ऑक्टोबर ही दारं उघडी ठेवायची आणि 1 मार्चला 0.6 टीएमसी पाणी खाली सोडायचं. दारं टाकली जातात तेव्हा पावसाळा उलटलेला असतो, नदीची धार बारीक होत आलेली असते. ज्यांच्या शेताला हे पाणी लागणार, त्यांचं म्हणणं तारखा ठरताना किती ऐकलं गेलं, ते इथल्या शेतकऱ्याला विचारा. याच बाभळीच्या विरोधात आलेल्या आंध्र प्रदेशच्या चंद्राबाबू नायडूंना आणि त्यांच्या आमदारांना जुलै 2010 मध्ये इथल्या आयटीआयच्या इमारतीत ठेवलं होतं, आणि अख्खा देश काही दिवस धर्माबादचं नाव टीव्हीवर ऐकत होता. तेवढीच आमची प्रसिद्धी.

शिवेवर राहण्याचा एक फायदा असा, की तुलना फुकटात होते. 2018च्या सुमारास इकडच्या काही गावांनी आम्हाला तेलंगणात घाला अशी मागणी केली. पलीकडे शेतीला चोवीस तास मोफत वीज आणि एकरी पैसे मिळत होते. पेपरांनी त्याला बंडखोरी म्हटलं. माझ्या मते ती सरकारी सेवांची जनतेनं केलेली तपासणी होती, आणि तिला एक पैसाही खर्च आला नाही. शहरांच्या बाबतीतही पलीकडे बघण्यासारखं आहे. तेलंगणाच्या 2019च्या नगरपालिका कायद्यात दर वॉर्डाला चार समित्या आहेत, तरुणांची, महिलांची, ज्येष्ठांची आणि गावातल्या मान्यवरांची, प्रत्येकी पंधरा जणांची. पालिकेच्या अंदाजपत्रकातला दहावा हिस्सा हिरवाईसाठी राखून ठेवायचा. निजामाबादचे पाहुणे सांगतात की समितीत नगरसेवकाचीच माणसं बसतात. बसत असतील. पण आमच्याकडे बसायला खुर्चीच नाही.

आपल्या हातात कायद्यानं दिलेलं एक हत्यार मात्र आहे आणि ते गंजत पडलंय: विकास आराखड्यावरच्या हरकती आणि सूचना. 1966च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यानं प्रारूप आराखडा लोकांपुढं ठेवावाच लागतो. 2015 मध्ये मुंबईच्या आराखड्यावर हरकतींचा असा पाऊस पडला, की मुख्यमंत्र्यांना महापालिकेला तो मागं घ्यायला सांगावं लागलं. लोकांनी नकाशे घेऊन पायी फिरून चुका शोधल्या होत्या. लहान गावात प्रारूप आराखडा पालिकेच्या भिंतीवर लागतो आणि बघायला येतात ते प्लॉटचे दलाल. आमच्या मुग्गूच्या नकाशाचे फोटो मी छापून ठेवलेत. पुढचा आराखडा लागेल तेव्हा ओढ्याची हरकत आजींच्या सहीनं जाणार आहे.

पुढचा नकाशा मोंढ्यात काढायचा आहे. हंगामात तिथं बायका मिरचीचे देठ खुडत दिवसभर बसतात. हाताची आग होते, डोळ्यांत ठसका जातो, आणि धुवायला पाणी लांब. मोंढ्यात नळ, सावली आणि संडास कुठं हवा, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? मी जाऊन विचारलं तर त्यांनी वेळ सांगितली: दुपारी जमायचं नाही, खुडणी किलोवर असते. सकाळी सातच्या आत या, आणि चहा तुमच्याकडे.