आजोबांची बीपीची गोळी मांजराला चालते का?

हा प्रश्न मला बऱ्याचदा विचारला जातो, आणि विचारणारा जरा ओशाळूनच विचारतो. पण प्रश्न चुकीचा नाही. उत्तर "हो, पण..." असं आहे. म्हाताऱ्या मांजराचं बीपी वाढलं की पशुवैद्य बहुतेक वेळा ज्या औषधापासून सुरुवात करतात ते म्हणजे अ‍ॅम्लोडिपिन. तुमच्या घरातल्या औषधांच्या डब्यातही तेच असण्याची शक्यता भरपूर. म्हणजे रेणू तोच. घोळ होतो तो गोळीत.

आधी हिशेब करून बघू. ६० किलोच्या माणसाला दिवसाला ५ मिलिग्रॅम, म्हणजे किलोमागे साधारण ०.०८. त्याच प्रमाणात ४ किलोच्या मांजराचा डोस ०.३३ मिलिग्रॅम निघतो. प्रत्यक्षात मांजराला सुरुवातीला सहसा ०.६२५ मिलिग्रॅम देतात, दिवसातून एकदा. किलोमागे माणसाच्या जवळपास दुप्पट! शाळेतलं त्रैराशिक इथे फसतं. आणि "एवढीशी तर आहे" म्हणून अख्खी ५ ची गोळी दिली, तर किलोमागे माणसाच्या पंधरापट औषध पोटात जातं. मग बीपी इतकं खाली येतं की जनावर लटपटतं, कान-पाय गार पडतात, कोसळतं.

असं का? प्रत्येक प्राण्याचं शरीर औषध आपापल्या पद्धतीने शोषतं, मोडतं आणि बाहेर टाकतं. मांजराच्या यकृतात काही औषधं निकामी करणारी एक यंत्रणा फारच कमजोर असते. त्यामुळे आपण तापाला सहज घेतो ती पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. म्हणून डोस त्या त्या प्राण्यावर झालेल्या अभ्यासातूनच घ्यावा लागतो, माणसाच्या डोसला भागून नव्हे.

आता ०.६२५ म्हणजे अडीच मिलिग्रॅमच्या गोळीचा पाव, किंवा ५ च्या गोळीचा आठवा भाग. ब्लेडने आठ तुकडे करून बघा, एक तुकडा दुसऱ्याच्या दुप्पट होतो आणि थोडा भुगा टेबलावरच राहतो. तेव्हा डॉक्टरांना अडीचची गोळी लिहून द्यायला सांगा आणि मेडिकलमधून गोळी कापायचं छोटं यंत्र आणा. एका वेळी एकच गोळी कापा आणि तिचे चारही तुकडे ओळीने चार दिवस द्या. हे औषध शरीरातून हळूहळू ओसरतं, त्यामुळे आजचा तुकडा थोडा मोठा आणि उद्याचा थोडा लहान असला तरी फरक भरून निघतो.

मला खरी भीती वाटते ती नावापुढच्या अक्षरांची. आपल्याकडे बीपीच्या गोळ्या बऱ्याचदा जोडीने येतात. नावापुढे "एटी" असेल तर बहुधा सोबत अ‍ॅटेनोलॉल आहे, म्हणजे हृदयाचे ठोके कमी करणारं औषध. आधीच थकलेल्या हृदयाच्या कुत्र्याला ते महागात पडू शकतं. "एच" असेल तर सोबत लघवी वाढवणारं औषध असतं. "एक्सएल" किंवा "ईआर" म्हणजे दिवसभर हळूहळू सुटणारी गोळी. ती कुटून दिली की दिवसभराचा डोस एकदम सुटतो. दुकानदार "तेच आहे, फक्त कंपनी वेगळी" म्हणाला, तरी स्ट्रिपच्या मागचं बारीक अक्षर वाचा.

मांजराचं बीपी मुळात कळतं कसं? बहुतेकदा कळतच नाही. मूत्रपिंड किंवा थायरॉइड बिघडलेल्या म्हाताऱ्या मांजरात ते गुपचूप वाढतं, दृष्टिपटल सुटतं आणि एक दिवस मांजर भिंतीला धडकायला लागतं. वरचा आकडा पुन्हा पुन्हा १६० च्या पुढे आला तर उपचारांचा विचार होतो, १८० च्या पुढे धोका मोठा. पण दवाखान्यात शेजारी कुत्रं भुंकत असताना कुणाचं बीपी वाढणार नाही? म्हणून आधी शांत खोलीत पाच-दहा मिनिटं बसवायचं, पहिलं मोजमाप सोडून द्यायचं आणि पुढच्या पाच-सात मोजमापांची सरासरी घ्यायची. एकाच आकड्यावर गोळी सुरू होत असेल तर पुन्हा मोजायला सांगा. त्यात भिडेचं काही कारण नाही.

कुत्र्यांत चित्र वेगळं असतं. पॉमेरेनियनसारख्या लहान जातींत उतारवयात हृदयाची झडप जाड होते आणि गळते. इथलं महत्त्वाचं औषध पिमोबेन्डन. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'एपिक' नावाच्या चाचणीत ३६० कुत्री होती. झडप गळणारी, हृदय मोठं झालेलं, पण अजून धाप नसलेली. निम्म्यांना औषध, निम्म्यांना औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी. हृदय निकामी होईपर्यंत किंवा हृदयामुळे मृत्यू येईपर्यंतचा मध्यक काळ औषधाविना ७६६ दिवस होता, औषधावर १२२८. म्हणजे सुमारे पंधरा महिने जास्त. कुत्र्याच्या आयुष्यात पंधरा महिने म्हणजे खूप. पण ही सगळी कुत्री हृदय मोठं झालेली होती, हे विसरू नका. नुसता आवाज ऐकू आला म्हणून हेच औषध सुरू करायला ही चाचणी आधार देत नाही. त्यासाठी एक्स-रे किंवा सोनोग्राफी लागते. कोल्हापुरात सोय झाली नाही तर पुण्याच्या वाटेवर शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि मुंबईत परळचं तर १८८६ पासूनचं.

पिमोबेन्डन जेवणाआधी साधारण तासभर, रिकाम्या पोटी द्यायचं. गोळी कशात लपवायची? तांबड्या-पांढऱ्या रश्श्यातला मटणाचा तुकडा हे कोल्हापुरी उत्तर इथे बाद. कांदा-लसूण कुत्र्या-मांजरांच्या लाल पेशी फोडतो, आणि मीठ शरीरात पाणी धरून ठेवतं, जे काढायला आपण औषध देतोय. बिनमिठाच्या उकडलेल्या चिकनची चिमट चालते. मांजराला कोरडी गोळी दिली तर ती अन्ननलिकेतच अडकून तिथे जखम करू शकते. मागोमाग बिनसुईच्या सिरिंजने पाच मिली पाणी, गालाच्या बाजूने, हळूहळू.

घरी करण्याजोगं सगळ्यात मोलाचं काम फुकटचं आहे. कुत्रं गाढ झोपलेलं असताना तीस सेकंदात छाती किती वेळा वर येते ते मोजा आणि दुप्पट करा. रोजचा आकडा वहीत लिहा. तो ३० च्या वर जाऊन तिथेच राहिला तर फुफ्फुसात पाणी साठत असेल, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.

एखादा डोस चुकला तर पुढचा दुप्पट करायचा नाही. बरं वाटतंय म्हणून औषध अचानक बंदही करायचं नाही. फ्युरोसेमाइड किंवा एनालाप्रिल चालू असताना लंगडतोय म्हणून डायक्लोफिनॅक वा आयब्रुफेन तर मुळीच नको, तिघं मिळून मूत्रपिंड संपवतात. उलट्या-जुलाब लागले, पाणी पीत नसेल, तर पुढच्या डोसआधी डॉक्टरांना विचारा.

आणि कुत्र्याने अख्खी स्ट्रिपच चावली तर लक्षणांची वाट बघू नका, मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. उरलेल्या गोळ्या मोजा, चावलेली स्ट्रिप खिशात टाका आणि निघा.